बीएसएनएल आणि खानदेश : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

धुळे, जळगाव आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांत सिम आणि रिचार्जच्या काउंटरवर जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे एका जागी दिली आहेत. काही प्रश्न इतिहासाचे आहेत, बरेचसे रोजच्या अडचणीचे. प्लॅनचे भाव मुद्दाम दिलेले नाहीत. ते बदलत राहतात, आणि जुना भाव वाचून लांबून आलेल्या माणसाला काउंटरवरून परत पाठवणं जिवावर येतं.

बीएसएनएल हे सरकारी खातं आहे की कंपनी?

कंपनी आहे, पण मालक केंद्र सरकार. १९८५ पर्यंत टपाल आणि तार-टेलिफोन हे एकच खातं होतं. मग दूरसंचार खातं वेगळं झालं. १९८६ मध्ये मुंबई आणि दिल्ली या दोन शहरांसाठी एमटीएनएल काढण्यात आली, बाकीचा सगळा देश खात्याकडेच राहिला. १५ सप्टेंबर २००० रोजी भारत संचार निगम लिमिटेडची नोंदणी झाली आणि १ ऑक्टोबर २००० पासून खात्याचं काम या कंपनीकडे आलं. इमारती, एक्स्चेंज, खांब, तारा आणि माणसं, सगळं जसंच्या तसं. म्हणून आपल्याकडची जुनी माणसं आजही ‘टेलिफोन ऑफिसात जाऊन येतो’ असंच म्हणतात.

मोबाइल येण्याआधी आपल्याकडे फोन कसा चालायचा?

ज्यांचा जन्म २००० नंतरचा आहे, ती मुलं हे फार कुतूहलानं विचारतात. परगावी बोलायचं तर एक्स्चेंजला फोन करून ट्रंक कॉल बुक करावा लागे. साधा, अर्जंट आणि लाइटनिंग असे तीन प्रकार होते. लाइटनिंगचा दर साध्याच्या कितीतरी पट असे, त्यामुळे तो घरात कुणी अत्यवस्थ असेल तेव्हाच. बाकीच्यांनी सकाळी बुकिंग करायचं आणि फोनजवळून हलायचं नाही.

यात पहिला मोठा बदल केला सी-डॉटनं. ही सरकारी संशोधन संस्था १९८४ मध्ये सुरू झाली आणि सॅम पित्रोदा यांनी ती उभी केली. परदेशी एक्स्चेंज वातानुकूलित खोलीशिवाय चालत नसत. सी-डॉटनं खेड्यासाठी १२८ लाइनचं छोटं स्वयंचलित एक्स्चेंज बनवलं, ते एसीशिवाय, धुळीत आणि उन्हात चालेल असं. पहिलं १९८६ मध्ये कर्नाटकात कित्तूरला बसलं. जळगाव-भुसावळचा मे महिना ज्यानं अंगावर काढलाय, त्याला ‘एसीशिवाय चालतं’ याचा अर्थ वेगळा सांगायला नको. आपल्याकडच्या मधल्या आकाराच्या गावांत थेट डायल करता यायला लागलं ते अशाच स्वदेशी एक्स्चेंजमुळे.

मग आले एसटीडी बूथ. पिवळी पाटी, काचेची खोली, आणि लाल आकड्यांचं मीटर पळताना पाहत बोलणारा माणूस. रात्री अकरानंतर दर उतरत, म्हणून बस स्टँडजवळच्या बूथवर त्या वेळी रांग लागे. जळगावचा ०२५७, धुळ्याचा ०२५६२, नंदुरबारचा ०२५६४, भुसावळचा ०२५८२ हे कोड तेव्हा पोरासोरांनाही पाठ होते. लँडलाइनला आजही तेच लागतात.

९४२२ ने सुरू होणारे नंबर जुने का मानतात?

कारण महाराष्ट्रात बीएसएनएलनं मोबाइल आणला तेव्हाचे ते पहिले नंबर. पुढे ९४२३, ९४२०, ९४२१ आणि मग ९४०३, ९४०४, ९४०५ आले.

देशातला पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ ला झाला. कोलकात्याहून ज्योती बसू यांनी दिल्लीत दूरसंचार मंत्री सुखराम यांना फोन लावला. त्या काळी मिनिटाचा दर सोळा रुपयांच्या वर जाई आणि आलेल्या फोनचेही पैसे पडत. मोबाइल ही शहरातल्या बड्या लोकांची वस्तू होती. खाजगी कंपन्यांनी परवाने घेतले, पण टॉवर आधी मोठी शहरं आणि हायवे यांच्याच आसपास उभे राहिले. १९ ऑक्टोबर २००२ रोजी लखनौला पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या हस्ते बीएसएनएलची मोबाइल सेवा सुरू झाली. पोस्टपेडचं नाव सेलवन, प्रीपेडचं एक्सेल. मे २००३ पासून फोन करणाऱ्यानंच पैसे द्यायचे ही पद्धत देशभर आली आणि इनकमिंग फुकट झालं. मोबाइल शेतकऱ्याच्या खिशात आला तो यानंतर.

रावेर, यावल, चोपड्याच्या केळीपट्ट्यात याचा उपयोग सगळ्यात आधी झाला. केळी झाडावर थांबत नाही. कापणीचा दिवस, मजुरांची टोळी, ट्रक आणि त्या दिवसाचा भाव हे चारही जुळावे लागतात. पूर्वी भाव कळायचा तो व्यापाऱ्याच्याच तोंडून. हातात फोन आल्यावर शेतकरी बांधावरून दुसऱ्या गावच्या पाहुण्याला विचारू लागला, ‘तुमच्याकडे आज काय भाव फुटला?’ त्या वेळी घेतलेले ९४२२ चे नंबर आज बँकेच्या पासबुकात, सोसायटीच्या वहीत, ट्रॅक्टरच्या मागे, लग्नपत्रिकेच्या कोपऱ्यात सगळीकडे आहेत. म्हणून लोक ते सोडत नाहीत, आणि सोडू नयेत असंच मला वाटतं.

एक लक्षात ठेवा: २० जानेवारी २०११ पासून देशभर नंबर न बदलता कंपनी बदलता येते. त्यामुळे ९४२२ दिसला म्हणजे तो आजही बीएसएनएलवरच असेल असं नाही.

एवढी मोठी कंपनी मागे का पडली?

हा प्रश्न विचारताना लोकांच्या आवाजात राग असतो आणि तो रास्त आहे. पण सगळं खापर ‘सरकारी माणसं काम करत नाहीत’ यावर फोडून चालणार नाही. घटना क्रमानं बघा.

२००४-०५ मध्ये कंपनीला दहा हजार कोटींहून जास्त नफा झाला होता. १ मार्च २००६ ला ‘वन इंडिया’ योजना आली, देशात कुठेही एका रुपयात मिनिटभर बोला. मागणी वाढत होती, सिमसाठी लोक रांगेत उभे होते, आणि नेमक्या त्याच वर्षांत नव्या यंत्रणेच्या खरेदीचा घोळ झाला. ९.३ कोटी लाइनची प्रचंड निविदा २०१० मध्ये रद्द करावी लागली. जुन्या टॉवरवर गिऱ्हाइकांचा भार वाढत गेला, फोन लागेनासे झाले.

त्याच २०१० मध्ये ३जी आणि ब्रॉडबँडच्या स्पेक्ट्रमचा लिलाव झाला. खाजगी कंपन्यांनी परवडेल त्या राज्यांसाठी बोली लावली. बीएसएनएलला स्पेक्ट्रम आधीच दिलेला होता, पण लिलावात जो भाव निघाला तोच भरण्याचा हुकूम झाला. जवळपास साडेअठरा हजार कोटी रुपये एकदम गेले. गंगाजळी आटली. २००९-१० हे पहिलं तोट्याचं वर्ष ठरलं आणि मग तोटा पाठ सोडेना.

सप्टेंबर २०१६ मध्ये स्वस्त ४जीची लाट आली तेव्हा बीएसएनएलकडे देशव्यापी ४जीसाठी स्पेक्ट्रमच नव्हता. तो देण्याचा निर्णय व्हायला ऑक्टोबर २०१९ उजाडला. त्याच पॅकेजमध्ये स्वेच्छानिवृत्ती होती. ३१ जानेवारी २०२० या एका दिवशी अठ्ठ्याहत्तर हजारांहून अधिक कर्मचारी बाहेर पडले. पगाराचा बोजा उतरला हे खरं. पण कुठल्या रस्त्याच्या कडेला केबल किती खोल आहे, जॉइंट कुठल्या निंबाखाली आहे, हे ज्यांना डोळे मिटून सांगता येत होतं ते लाइनमनही त्याच दिवशी घरी गेले. तालुक्याच्या गावात फॉल्ट निघायला दिवसच्या दिवस लागू लागले त्याचं एक मोठं कारण हे आहे. नकाशावर नसलेलं ज्ञान कुठल्याच पॅकेजमध्ये परत येत नाही.

२०२० मध्ये ४जीची एक निविदा रद्द होऊन यंत्रणा देशी बनावटीचीच घ्यायची असं ठरलं. निर्णय दूरदृष्टीचा होता, पण त्यात आणखी काही वर्षं गेली. जुलै २०२४ मध्ये खाजगी कंपन्यांनी दर वाढवले तेव्हा लाखो लोक बीएसएनएलकडे आले. पुरेसं ४जी नाही म्हणून त्यातले बरेच काही महिन्यांत परत फिरले. गिऱ्हाईक स्वतःहून दारात आलं होतं आणि दुकानात माल नव्हता, याची हळहळ मला अजून वाटते.

मग आता ४जी खरंच आलंय का?

आलंय, सगळीकडे सारखं नाही. २७ सप्टेंबर २०२५ रोजी ओडिशातल्या झारसुगुडा इथे पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी बीएसएनएलच्या स्वदेशी ४जीचं उद्घाटन केलं. देशभर साडेसत्त्याण्णव हजारांवर टॉवर त्या वेळी सांगण्यात आले. टॉवरवरची रेडिओ यंत्रणा तेजस नेटवर्क्सची, मधला गाभा सी-डॉटचा आणि सगळं जुळवून चालवण्याचं काम टीसीएसचं. १२८ लाइनचं एक्स्चेंज बनवणारी तीच सी-डॉट, हे मुलांना आवर्जून सांगावं असं आहे.

तुमच्या गावात आहे का, हे ऐकीव माहितीवर ठरवू नका. ट्राय म्हणजे दूरसंचार कंपन्यांवर देखरेख ठेवणारी सरकारी नियामक संस्था. तिच्या २०२४ च्या नियमांनुसार प्रत्येक कंपनीला आपल्या वेबसाइटवर कव्हरेजचा नकाशा ठेवावा लागतो. त्यात गाव शोधा. त्याहून खात्रीचा उपाय म्हणजे गावातल्या कुणाचं तरी ४जी सिम दहा मिनिटं आपल्या फोनमध्ये टाकून घरात, ओट्यावर आणि शेतात फिरून बघा.

५जीसाठी मात्र सध्या थांबायची तयारी ठेवा.

कांड्या पूर्ण दिसतात, तरी नेट चालत नाही. फोन खराब आहे का?

बहुतेक वेळा फोन चांगला असतो, अडचण पुढच्या चारपैकी एक असते.

पहिली, सिम जुनं. २जी-३जीच्या काळातलं सिम ४जी पकडत नाही. ग्राहक सेवा केंद्रात आधार घेऊन जा आणि बदलून घ्या, नंबर तोच राहतो. ३जी हळूहळू बंद होत आहे, त्यामुळे हे काम लांबवू नका. मात्र ज्या दिवशी सिम बदलाल त्या दिवशी बँकेचं काम ठेवू नका. नवं सिम चालू झाल्यावर चोवीस तास एसएमएस बंद असतात, ओटीपी येत नाही. तुमचा नंबर दुसऱ्यानं चोरून चालू केला तर त्याला लगेच पैसे काढता येऊ नयेत म्हणून हा नियम आहे.

दुसरी, फोनचा बँड. ही गोष्ट दुकानदारही सहसा सांगत नाहीत. बीएसएनएलचं ४जी प्रामुख्यानं ७०० आणि २१०० मेगाहर्ट्झवर आहे. ७०० ला बँड २८ म्हणतात. ही लहर लांब जाते, भिंतीतून आत शिरते, खेड्यासाठी उत्तम. पण कित्येक जुन्या आणि स्वस्त फोनमध्ये बँड २८ नसतोच. मग शेजाऱ्याच्या फोनला ४जी आणि तुमच्या फोनला नुसता २जी असा प्रकार होतो. नवा किंवा वापरलेला फोन घेताना खोक्यावर किंवा कंपनीच्या साइटवर हा बँड बघूनच पैसे द्या.

तिसरी, एपीएन, म्हणजे फोन कुठल्या नावानं नेटला जोडायचा ती नोंद. सेटिंगमध्ये इंग्रजी लहान अक्षरांत बीएसएनएलनेट असं, मध्ये जागा न सोडता, भरलेलं हवं.

चौथी, व्होल्ट (VoLTE), म्हणजे ४जीवरूनच कॉल करण्याची सोय. तुमच्या फोनला बीएसएनएलचं व्होल्ट चालत नसेल तर कॉल करताना फोन २जीवर उतरतो आणि तेवढा वेळ नेट थांबतं. केंद्रावर सांगून सेवा चालू करून घ्या.

साधा बटणाचा फोन वापरणाऱ्या आजी-आबांना घाबरवू नका. त्यांचं बोलणं २जीवर चालू आहे.

धडगाव, मोलगी, तोरणमाळकडे रेंज सारखी जाते. का?

‘रेंज नही शे’ हे वाक्य अक्राणीच्या, म्हणजे धडगाव तालुक्याच्या, रस्त्यावर जितकं ऐकू येतं तितकं खानदेशात दुसरीकडे कुठे येत नसेल. कारणं तीन आहेत आणि ती एकमेकांत गुंतलेली आहेत.

डोंगर हे पहिलं. मोबाइलची लहर जवळजवळ सरळ जाते. सपाट तापीकाठी एक टॉवर कितीतरी गावांना पुरतो. सातपुड्यात मात्र गाव एक नसतंच, पाडे असतात, एक या उतारावर, दुसरा नाल्यापलीकडे, तिसरा टेकडीमागे. टॉवर दिसतो त्या पाड्याला रेंज आणि शे-दोनशे पावलांवरच्या दुसऱ्या पाड्याला शून्य. म्हणून ठरावीक दगडावर, ठरावीक झाडाखाली फोन लागतो. मोलगीकडच्या एका आशाताईनं मला तिच्या वहीचं मागचं पान दाखवलं होतं. कुठल्या पाड्याजवळ कुठे उभं राहिलं की रुग्णवाहिकेला, १०८ ला, फोन लागतो, याची यादी तिनं स्वतःच्या अक्षरात केली होती: शाळेचा ओटा, मोहाचं झाड, वळणावरचा मैलाचा दगड. बाळंतपणाच्या वेळी शोधाशोध नको म्हणून.

दुसरं, टॉवरला मागून मिळणारी जोडणी. टॉवर एकटा काही करू शकत नाही, त्याला फायबर किंवा मायक्रोवेव्हनं पुढच्या केंद्राशी जोडावं लागतं. घाटात रस्त्याचं काम निघालं, दरड आली, जेसीबीनं केबल उखडली की ओळीनं सगळे टॉवर गप्प होतात.

तिसरं, वीज. पावसाळ्यात दोन-दोन दिवस लाइट नसते. बॅटरी काही तास टिकते, मग टॉवर बंद. जनरेटर असला तरी डिझेल तिथवर पोहोचायला हवं.

खाजगी कंपनी हिशेब करते: टॉवरचा खर्च किती आणि गिऱ्हाइकं किती. त्या हिशेबात पाडे बसत नाहीत. म्हणून प्रत्येक कंपनीच्या महसुलातून पाच टक्के रक्कम घेऊन एक निधी चालवला जातो, पूर्वीचा युनिव्हर्सल सर्व्हिस निधी, आता डिजिटल भारत निधी. जुलै २०२२ मध्ये मंत्रिमंडळानं याच निधीतून २६,३१६ कोटींची योजना मंजूर केली, देशातल्या २४,६८० वंचित गावांत ४जी नेण्यासाठी, आणि ते काम बीएसएनएलकडे दिलं. सरकारी कंपनी कशाला हवी, असं जळगाव शहरात बसून विचारणाऱ्याला माझं उत्तर हेच असतं. एकदा मोलगीला जाऊन या आणि मग बोला.

नवापूरला स्टेशनवर उभं राहिलं की फोन गुजरात दाखवतो. पैसे कापले जातात का?

नाही. नवापूर स्टेशनाचा अर्धा भाग महाराष्ट्रात, अर्धा गुजरातमध्ये आहे, त्यामुळे प्लॅटफॉर्मच्या एका टोकाला एक सर्कल, म्हणजे दूरसंचाराचा विभाग, आणि दुसऱ्या टोकाला दुसरं लागतं. आपले तिन्ही जिल्हे महाराष्ट्र-गोवा सर्कलमध्ये येतात. उच्छल, सोनगड, सुरत हे गुजरातमध्ये, बऱ्हाणपूर, सेंधवा हे मध्य प्रदेशात. बीएसएनएलनं १५ जून २०१५ पासून देशभर रोमिंगमध्ये इनकमिंग मोफत केलं, आणि आताचे बहुतेक प्लॅन सगळ्या राज्यांत सारखेच चालतात. फक्त फोनमधलं डेटा रोमिंग चालू ठेवा, नाहीतर सीमेवरच्या गावांत नेट तुटतं.

सुरतला उधना-लिंबायतमध्ये राहणाऱ्या आपल्या माणसांना, किंवा ऊसतोडीला गेलेल्यांना, त्यासाठी नवं सिम घ्यायची गरज नाही. गावचा नंबर तिथे चालतो. रेशन, बँक, आधार सगळ्यांना तोच जोडलेला असतो, तो टिकवणं महत्त्वाचं.

नंबर पोर्ट कसा करायचा?

इंग्रजीत पोर्ट लिहा, जागा सोडा, आपला दहा आकडी नंबर लिहा आणि १९०० ला एसएमएस करा. आठ अक्षरांचा यूपीसी कोड येतो. तो महाराष्ट्रात चार दिवस चालतो. कोड आणि आधार घेऊन नव्या कंपनीच्या केंद्रात जा. त्याच सर्कलमध्ये तीन कामाचे दिवस लागतात, दुसऱ्या सर्कलमध्ये पाच. आताच्या कंपनीत किमान नव्वद दिवस झालेले हवेत, पोस्टपेडचं बिल भरलेलं हवं, आणि नुकतंच सिम बदललं असेल तर सात दिवस थांबावं लागतं. जुन्या सिमवरचा शिल्लक बॅलन्स मिळत नाही, म्हणून प्लॅन संपत आला की पोर्ट करा.

यूपीसी कोड फोनवर कुणालाही सांगू नका. कोड गेला म्हणजे नंबर गेला असं समजा.

रिचार्ज केला नाही तर नंबर किती दिवस राहतो?

व्हॅलिडिटी संपली की आधी आउटगोइंग जातं, मग इनकमिंग. ट्रायच्या नियमाप्रमाणे नव्वद दिवस कॉल, एसएमएस, डेटा काहीच वापर नसेल तर प्रीपेड नंबर बंद करता येतो. खात्यात वीस रुपये असतील तर ते कापून मुदत वाढते. एकदा बंद झालेला नंबर काही काळानं दुसऱ्याला दिला जातो, आणि मग तुमच्या बँकेचे मेसेज अनोळखी माणसाच्या फोनवर जातात.

फक्त बोलण्यासाठी फोन असेल तर डेटाचे पैसे भरू नका. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायनं सगळ्या कंपन्यांना फक्त कॉल आणि एसएमएसचं वेगळं रिचार्ज ठेवणं बंधनकारक केलं, आणि अशा रिचार्जची मुदत ३६५ दिवसांपर्यंत असू शकते. काउंटरवर कुणी आपणहून सांगणार नाही, विचारावं लागतं.

सिम घ्यायला काय लागतं?

आधार आणि तुम्ही स्वतः. अंगठा लावला की काही मिनिटांत काम होतं. देशातलं पहिलं आधार २९ सप्टेंबर २०१० रोजी शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात दिलं गेलं, हे आपल्या भागातल्या कितीतरी जणांना ठाऊक नसतं.

अंगठा मशीनवर एकदाच लावा. ‘आला नाही, परत लावा’ असं सांगून एकाच माणसाच्या नावावर दोन-दोन सिम काढल्याच्या तक्रारी देशभर झाल्या आहेत. संचार साथी या सरकारी पोर्टलवर आपला नंबर टाकला की आपल्या नावावर किती सिम आहेत ते दिसतं. एका माणसाला नऊपेक्षा जास्त ठेवता येत नाहीत. ओळखीचा नसलेला नंबर दिसला तर तिथेच ‘माझा नाही’ म्हणून कळवा.

भोंगऱ्या बाजारात फोन गेला. काय करू?

होळीआधीचे भोंगऱ्या आणि सारंगखेड्याची यात्रा, या दोन्हीनंतर हा प्रश्न हमखास येतो. आधी १८००-१८०-१५०३ वर किंवा बीएसएनएलच्याच फोनवरून १५०३ वर सांगून सिम बंद करा. मग पोलिसांत तक्रार द्या आणि तिची प्रत घ्या. त्याच नंबरचं दुसरं सिम काढा, कारण पुढच्या कामाला ओटीपी लागतो. शेवटी संचार साथी पोर्टलवर आयएमईआय, म्हणजे हँडसेटचा स्वतःचा ओळख क्रमांक, टाकून हँडसेट ब्लॉक करा, म्हणजे तो कुठल्याच कंपनीच्या सिमवर चालत नाही. फोन सापडला की तिथूनच पुन्हा चालू करता येतो.

आयएमईआय बिलावर आणि खोक्यावर असतो. आजच *#०६# दाबून तो आकडा घरातल्या वहीत लिहून ठेवा.

पैसे गेले असतील तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.

लँडलाइन ठेवावी का? फायबर कसं आहे?

तांब्याच्या तारेची लँडलाइन आता फायबरवर नेली जात आहे. जुना नंबर बहुतेक ठिकाणी तसाच ठेवता येतो, त्यासाठी अर्ज करताना आठवणीनं सांगा. फायबरचं काम गावोगावी स्थानिक भागीदाराकडे असतं, बिल बीएसएनएलचं पण तार ओढणारा आणि दुरुस्त करणारा गावातलाच माणूस. म्हणून एकाच कंपनीची सेवा एका गावात उत्तम आणि दुसऱ्या गावात रडतखडत असते. जोडणी घेण्याआधी त्याच गल्लीतल्या दोन घरी विचारा, फॉल्ट झाल्यावर किती वेळात माणूस येतो. घरात मोबाइलची रेंज नसेल पण फायबर असेल तर वाय-फाय कॉलिंगनं भिंतीआडही बोलता येतं, फोनमध्ये ती सोय आहे का बघा.

‘तुमच्या शेतात टॉवर बसवतो, महिना भाडं देतो’ असा फोन आला.

ठेवून द्या. आधी नोंदणी फी, मग एनओसीची फी, मग टॅक्स, असं करत हजारो रुपये उकळतात. ट्राय किंवा दूरसंचार विभाग अशी एनओसी देत नाही आणि खरी कंपनी जागामालकाकडून आगाऊ पैसे मागत नाही. कोरडवाहू शेतकऱ्याला महिन्याच्या भाड्याचं आमिष दाखवून लुटणं ही फार हलकट गोष्ट आहे. सही-शिक्क्याचा कागद व्हॉट्सॲपवर आला तरी विश्वास ठेवू नका, आणि असा नंबर संचार साथीवर ‘चक्षू’मध्ये नोंदवा.

टॉवर चार दिवस बंद आहे. तक्रार कुठे करायची?

ऑफिसात जाऊन बोलून आलात तर त्याची नोंद कुठेच राहत नाही. १५०३ वर तक्रार करा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. लँडलाइन-फायबरसाठी १५०० आहे. काम झालं नाही तर त्या क्रमांकाच्या आधारे कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं, त्याला फी नाही. ट्राय एकेकट्या ग्राहकाची तक्रार घेत नाही, तिथे वेळ घालवू नका. ग्राहक आयोगाचा रस्ता मात्र खुला आहे, सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०२२ मध्ये तसं स्पष्ट केलंय.

आणखी एक हक्क फारसा कुणाला माहीत नाही. २०२४ च्या नियमांप्रमाणे जिल्ह्यात मोठा बिघाड होऊन सेवा चोवीस तासांपेक्षा जास्त बंद राहिली, तर पोस्टपेडवाल्याला तेवढ्या दिवसांचं भाडं कमी करून आणि प्रीपेडवाल्याला तेवढी मुदत वाढवून द्यावी लागते. हे सर्वच कंपन्यांना लागू आहे.

आमच्या पाड्यावर टॉवर हवा आहे. सुरुवात कुठून करायची?

ग्रामसभेच्या ठरावापासून. ठरावात लोकसंख्या, पाड्यांची नावं, जवळचा टॉवर किती किलोमीटरवर आहे, आणि शाळा, आरोग्य उपकेंद्र, रेशन दुकान कुठे आहे ते लिहा. रेशनचं मशीन नेट नसल्यामुळे किती वेळा अडतं, हेही दुकानदाराकडून लिहून घ्या. अशी नोंद असली की अर्ज नुसता टाळता येत नाही. जागा कुठली देणार ते ठरवून उतारा जोडा. जागा वनखात्याची असेल तर मंजुरीला वेळ लागतो, म्हणून शक्यतो गावठाणातली किंवा ग्रामपंचायतीची जागा सुचवा, उंचावरची आणि विजेच्या लाइनजवळची.

अर्जाची एक प्रत बीएसएनएलच्या जिल्हा कार्यालयाला, एक जिल्हाधिकाऱ्यांना आणि एक खासदारांना द्या. खासदार दूरध्वनी सल्लागार समितीवर असतात आणि तिथे गावाचं नाव घेऊन प्रश्न मांडता येतो. प्रत्येक प्रतीवर पोच घ्या, आवक क्रमांक आणि तारीख घालून. दोन महिन्यांत काही कळलं नाही तर त्याच आवक क्रमांकावर माहिती अधिकाराचा अर्ज करा: आमचं गाव वंचित गावांच्या यादीत आहे का, असेल तर काम कुठल्या टप्प्यावर अडलंय, आणि नसेल तर का वगळलं.